शेततळ्याला हिरवी साय आली तर: विषारी शेवाळातून खेकडे कसे वाचवायचे

मे महिन्यातली पहाट, साडेचारच्या सुमाराची. आई गोठ्याकडे निघाली होती. खेकड्यांच्या टाकीपाशी थांबून तिनं मला हाक मारली, "अरे, खेकडे बघ किती वर चढलेत. पाऊस येतोय का काय?" खेकडे वर आले की आमच्याकडे पावसाचा अंदाज बांधतात. मी बॅटरी घेऊन गेलो. कौलांच्या ढिगावर, पाइपावर, भिंतीच्या कोपऱ्यात खेकडे एकावर एक बसले होते. सगळ्यांच्या तोंडाला फेस, आणि शांततेत त्या फेसाचा बारीक चुरचुर आवाज येत होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बॅटरी पाण्यावर मारली तर वर ऑइलपेंट सांडल्यासारखा हिरवा थर दिसला.

त्या दिवशी मी जे केलं ते पूर्ण चुकीचं होतं. औषधाच्या दुकानातून सल्ला मिळाला, "मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी काचेसारखं होतं." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार. झालंही तसंच. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी टोपलीनं मेलेले खेकडे काढले. पोटाखाली पिल्लं धरून बसलेल्या माद्याही त्यात होत्या. म्हणून हा लेख. परभणी, जालना, बीड, नांदेडकडे शेततळ्यातल्या माशांबरोबर खेकडे पाळणाऱ्या किंवा पाळायच्या विचारात असलेल्या प्रत्येकानं पाणी हिरवं होण्याआधीच तो वाचावा. पाणी हिरवं झाल्यावर निवांत वाचत बसायला वेळ मिळत नाही.

आपला खेकडा थोडा समजून घ्या

आपल्या ओढ्या-नाल्यांत, बांधाच्या बिळांत सापडणारा खेकडा हा बॅरिटेल्फ्युसा गटातला, गोड्या पाण्याचा. समुद्री खेकड्याप्रमाणे त्याची पिल्लं अळीच्या रूपात पाण्यात वाहत फिरत नाहीत. मादी अंडी पोटाखाली घेऊन बसते आणि त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर पडतात. त्यामुळे एक मादी मेली की तिच्यासोबत पुढची अख्खी पिढी जाते.

त्याची दुसरी खासियत आपल्या कामाची आहे. कल्ले ओले असले तर तो हवेतही बराच वेळ श्वास घेऊ शकतो. पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासा मरतो, खेकडा वर चढतो. पण चढायला जागा असेल तरच. शेततळ्यात अंथरतात त्या पाचशे मायक्रॉनच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या कागदावर त्याची नखं टिकत नाहीत, दहादा चढतो आणि दहादा घसरतो. कागदाच्या तळ्यात खेकडे सोडले असतील तर आजच जुनी कौलं, विटांचा ढीग, सुंभाचा दोर किंवा बांबूची शिडी पाण्याबाहेर येईल अशी ठेवा. पाच मिनिटांचं आणि फुकटचं काम आहे, पण वाईट रात्री निम्मे खेकडे यानंच वाचतात. कागदाला नांगीनं भोकं पडायची भीती असते, म्हणून आम्ही खेकडे सिमेंटच्या टाक्यांत ठेवतो आणि पाणी तळ्यातून घेतो. अडचण इथंच आहे. तळ्याचं पाणी बिघडलं की टाकीचंही बिघडतं.

पहिली पायरी: हे तेच शेवाळ आहे का, ते ठरवा

प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं. फिकट हिरवं, पारदर्शक पाणी माशांसाठी चांगलंच असतं. दगडाला, पाइपाला चिकटलेलं केसांसारखं शेवाळ त्रास देतं, पण विषाचं नसतं. विषाचं शेवाळ म्हणजे निळं-हिरवं शेवाळ. शास्त्रीय भाषेत तो एक जिवाणूच आहे, सायनोबॅक्टेरिया. आपल्याकडच्या साचलेल्या पाण्यात सगळ्यात जास्त दिसतो तो मायक्रोसिस्टिस. याच मोठ्या कुळात स्पिरुलिनाही येतं. लोणारच्या खाऱ्या सरोवरात ते वाढतं आणि मेडिकलच्या दुकानात गोळ्या म्हणून विकलंही जातं. त्यामुळे "निळं-हिरवं म्हणजे विष" असं सरसकट म्हणता येत नाही. पण तळ्यातलं शेवाळ विष सोडतंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून साय दिसली की ते विषारीच आहे असं धरून चाला.

ओळखायला तीन घरगुती तपासण्या पुरतात. हातात रबरी मोजे घाला, या पाण्यानं कातडीला खाज सुटते.

एक लाकडी काठी पाण्यात फिरवून बाहेर काढा. काठीला केसांसारखे धागे लोंबले तर ते साधं धाग्याचं शेवाळ. रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा हिरवा लेप बसला तर शंका पक्की.

पाण्याची पारदर्शक बाटली पाऊण भरा आणि रात्रभर न हलवता फ्रीजमध्ये ठेवा. बाटलीवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा, घरात लेकरं असतात. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर तो निळ्या-हिरव्या शेवाळाचा. याच्या पेशींत हवेचे सूक्ष्म फुगे असतात, त्यामुळे ते वर येतं. साधं हिरवं शेवाळ बहुतेक वेळा तळाला बसतं.

तिसरी तपासणी नाकाची आणि डोळ्याची. वाऱ्यानं साय ज्या काठाला लोटली जाते तिथं जा. थर वाळून निळसर-आकाशी झाला असेल तर पेशी फुटून त्यांच्या आतला निळा रंग बाहेर आलेला आहे. ताजं असताना वास मातकट येतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो ज्या द्रव्याचा असतो त्याचाच हाही. कुजायला लागलं की मात्र वास उकिरड्यासारखा होतो.

यासोबत पाण्याची पारदर्शकता मोजायची सवय लावून घ्या. वीस सेंटिमीटरच्या स्टीलच्या ताटलीवर काळे-पांढरे चार चतकोर रंगवा, मधोमध भोक पाडून दोरी बांधा, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारा. दुपारी, सूर्य पाठीशी घेऊन ताटली खाली सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली पाहा. तीस ते चाळीस सेंटिमीटरला दिसेनाशी होत असेल तर पाणी ठीक. वीसच्या आत दिसेनाशी झाली तर त्याच दिवसापासून रात्री हवा द्यायची तयारी करा. आमच्या टाकीपाशी ही ताटली खिळ्याला कायम टांगलेली असते.

खेकड्याला नेमकं काय होतं

या शेवाळाचा मार तीन बाजूंनी येतो. तो नीट समजला नाही तर उपाय चुकतो, म्हणून इथं जरा थांबू.

पहिला मार रात्रीच्या ऑक्सिजनचा. दिवसा शेवाळ ऊन खाऊन भरपूर ऑक्सिजन सोडतं. दुपारी पाणी अगदी निरोगी वाटतं, मीटर लावला तर आकडाही छान दिसतो. पण रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं. पहाटे चार ते सहा ही सगळ्यात वाईट वेळ. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असावा. तीनच्या खाली गेला की खेकडे वर चढू लागतात. दुपारी पाणी बघून "काही नाही झालं" म्हणणारा माणूस पहाटे फसतो. मी फसलो तो असाच.

दुसरा मार अमोनियाचा. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे दुपारी पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, सात म्हणजे मध्यम) साडेआठवरून नऊ, साडेनऊपर्यंत चढतो. खेकड्याच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तर तयार होतच असतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसा त्रास न देणारा आणि दुसरा जहरी. तीस अंश तापमानाला पीएच सात असेल तर शंभरातला एकसुद्धा भाग जहरी नसतो. पीएच आठला सात-आठ भाग आणि पीएच नऊला चव्वेचाळीसच्या आसपास भाग जहरी होतात. अमोनिया तेवढाच, पण दुपारी तीनला त्याचा दंश कितीतरी पट. कल्ले जळतात, काळवंडतात. कवचाचा मागचा भाग उचलून पाहिलं की निरोगी कल्ले स्वच्छ, फिकट दिसतात. या खेकड्याचे गढूळ, काळपट दिसतात.

तिसरा मार खुद्द विषाचा. मायक्रोसिस्टिस जे विष तयार करतं त्याला मायक्रोसिस्टिन म्हणतात. ते यकृतावर जातं आणि पेशीचा सांगाडा धरून ठेवणारी यंत्रणाच मोडतं. खेकड्यात यकृत आणि स्वादुपिंडाचं काम एकच अवयव करतो, कवचाखालचा तो पिवळसर-तपकिरी गर. अन्न तिथंच पचतं आणि विषही तिथंच साठतं. खेकडा तळाला बसलेलं शेवाळ खातो, गोगलगायी खातो, आणि गोगलगायींनी आधीच ते शेवाळ चरलेलं असतं. म्हणजे विष पाण्यातून येतं त्याहून जास्त ताटातून येतं. चीनमध्ये केसाळ नांग्यांचा खेकडा मोठ्या प्रमाणावर तळ्यांत पाळतात. तिथल्या प्रयोगांत मायक्रोसिस्टिनमुळे याच गराच्या पेशी खराब होतात असं दिसलं आहे. तिथल्या खेकड्यांच्या मुलखातल्या थाय-हू सरोवरात २००७ साली निळ्या-हिरव्या शेवाळाचा एवढा उठाव झाला की वूशी शहराचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठाच बिघडला.

मेलेला किंवा मरणासन्न खेकडा उघडून गर बघा. निरोगी गर भरलेला, पिवळसर ते सोनेरी-तपकिरी असतो. बाधलेला गर फिका, पांढुरका, पाणचट आणि आकसलेला दिसतो.

जिवंत खेकड्याची परीक्षा सोपी. त्याला पाठीवर उलटा ठेवा. तगडा खेकडा क्षणात पलटी मारून नांगी उगारतो. बाधलेला पाय हलवत पडून राहतो. मी दर रविवारी दहा खेकड्यांची अशी परीक्षा घेतो आणि वहीत लिहितो.

यात सगळ्यात आधी जातो तो कात टाकणारा खेकडा. कात टाकताना त्याला नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, अंग लोण्यासारखं मऊ असतं आणि वर चढायची ताकद नसते. शिवाय पीएच फार वाढला की पाण्यातलं विरघळलेलं कॅल्शियम चुन्याच्या रूपात बाहेर पडतं, कागदाला, पाइपाला पांढरा थर बसतो तो त्याचाच. कवच टणक व्हायला जे हवं तेच पाण्यातून कमी होतं. अर्धवट निघालेल्या कातीत अडकून मेलेले खेकडे दिसायला लागले तर रोग शोधत बसू नका, आधी पाणी तपासा.

पहिली रात्र

साय दिसली त्या दिवशी संध्याकाळच्या आत ही कामं उरका.

खाद्य पूर्ण बंद. पेंड, कोंडा, सुकट, कोंबडीची आतडी, काहीच नाही. खेकडा चार-पाच दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. टाकलेलं खाद्य मात्र कुजून ऑक्सिजन खातं आणि शेवाळाला खत होतं. खेकडे एकमेकांना खातील ही भीती खरी आहे. म्हणून लपायला जागा वाढवा, पाइपाचे तुकडे, फुटकी मडकी, कौलं टाका. मऊ झालेले खेकडे वेगळ्या टबात काढा. टबात हात बुडेल एवढंच स्वच्छ पाणी आणि मधे एक वीट.

रात्री दहापासून सूर्य वर येईपर्यंत हवा द्या. सिमेंटच्या टाकीला इन्व्हर्टरवर चालणारा छोटा एअरपंप आणि हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा दगड पुरतात. तळ्याला पाणी घुसळणारं पॅडल व्हील असेल तर उत्तम, नसेल तर मोटारीचं पाणी उचलून भोकं पाडलेल्या आडव्या पाइपातून पावसासारखं परत तळ्यात पाडा. आपली अडचण विजेची. थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि सौरपंप तर नेमका अंधारात बंद. शेवाळाच्या हंगामात, म्हणजे मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात, डिझेल इंजिन दुरुस्त करून तयार ठेवा आणि दहा लिटर डिझेल घरात राहू द्या.

टाक्यांना तळ्याचं पाणी देणं थांबवा. बोअरचं पाणी घ्या, पण सरळ सोडू नका. जमिनीतल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. डोक्याएवढ्या उंचीवरून खडीनं भरलेल्या, भोकं पाडलेल्या क्रेटमधून ते पडू द्या.

पहाटे वारा पडलेला असतो, साय सगळी वर आणि एका काठाला जमलेली असते. तीच वेळ ती काढायची. दोघांनी जुनी सुती साडी आडवी धरून काठाकडे ओढत आणा आणि बादलीनं उपसा. काढलेली साय उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या आणि कुत्री तिथं तोंड घालतात. विहिरीपासून, ओढ्यापासून लांब खड्डा करून पुरा.

जे टाकायचं नाही

मोरचुदाचं पुन्हा सांगतो, कारण हा सल्ला आजही दुकानादुकानात मिळतो. मोरचूद शेवाळ मारतं हे खरं. पण जिवंत शेवाळाच्या पोटात जे विष कोंडलेलं असतं ते पेशी फुटल्यावर एकदम सगळं पाण्यात येतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या पाम बेटावर १९७९ साली धरणातल्या शेवाळावर मोरचूद टाकलं आणि त्यानंतर १४८ माणसं यकृताच्या आजारानं आजारी पडली, त्यातली १३८ लेकरं होती. त्या धरणातल्या शेवाळाचं विष वेगळं, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन नावाचं, पण चूक तीच. वर खेकड्याला तांब्याचा स्वतंत्र धोका आहे. त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरी पाण्यात मोकळं सुटलेलं तांबं त्याचे कल्ले खराब करतं. माशाला सोसेल ती मात्रा खेकड्याला सोसत नाही. तणनाशक आणि ब्लीचिंग पावडर यांचंही तसंच.

चुना टाकायचीही आपल्याला सवय असते. एरवी ठीक. पण पीएच नऊ असताना कळीचा चुना टाकला तर तो आणखी चढतो आणि अमोनिया आणखी जहरी होतो.

गूळ किंवा मळी टाकून अमोनिया उतरवतात, बायोफ्लॉकवाल्यांकडून, म्हणजे पाण्यात जिवाणू वाढवून मासे पाळणाऱ्यांकडून हे आलं आहे. पद्धत खोटी नाही, पण गूळ खाणारे जिवाणू ऑक्सिजनही खातात. रात्रभर हवा द्यायची खात्री नसेल तर हात लावू नका.

पाणी बदलताना

सगळं पाणी एकदम बदलू नका. तापमान, क्षार, पीएच एकदम हलले की उरलेले खेकडे कात टाकायच्या नादात मरतात. रोज पाचवा हिस्सा, फार तर चौथा. पाच-सहा दिवसांत बराच फरक पडतो.

पाणी काढायचं ते वरच्या थरातलं, कारण शेवाळ तिथं असतं. सक्शन पाइपाच्या तोंडाला रिकामं कॅन बांधा, तोंड पृष्ठभागाखाली वीतभर तरंगत राहील असं ठेवा आणि पाइप साय जमते त्या काठाला लावा. नवीन पाणी समोरच्या काठानं, खालून सोडा.

काढलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीकडे सोडायचं नाही. कपाशीला, बांधावरच्या झाडांना पाटानं द्या. पालक, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांना देऊ नका आणि तुषार संच तर मुळीच लावू नका, पानांवर विष बसतं आणि तुषार आपल्याही नाकातोंडात जातात.

छोट्या टाक्यांवर पन्नास टक्क्यांची शेडनेट ताणा. ऊन तुटलं की शेवाळाचा जोर ओसरतो, पाणी दोन-तीन अंश थंड राहतं आणि खेकड्याला अंधार आवडतोच. मला मिळालेल्या सगळ्या उपायांत खर्चाच्या मानानं हा सगळ्यात भारी ठरला.

गुरं आणि घर

साय आलेल्या तळ्यावर गुरं, शेळ्या सोडू नका. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं असलं पाणी पिऊन जनावरं मेल्याचं १८७८ सालीच लिहून ठेवलेलं आहे. काठाला जिथं साय जाड असते तिथंच जनावर तोंड लावतं, त्यामुळे एका घोटात मोठी मात्रा जाते. तळ्यात पोरांना पोहू देऊ नका.

विकायचे का, खायचे का

साय असताना आणि ती गेल्यावरही लगेच नाही. इथं लोक सगळ्यात जास्त गडबड करतात, कारण खेकडे मरायला लागले की "मरायच्या आत विकून टाकू" असं वाटतंच. मलाही वाटलं होतं.

उकळून हे विष जात नाही. मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही, पाण्यात मात्र सहज उतरतं. आपल्याकडचा रस्सा कसा होतो ते आठवा. पाय, नांग्या पाट्यावर वाटून रस गाळून घेतात, मधला भाग गरासकट पातेल्यात जातो आणि तासभर रटरटतो. गरातलं विष रश्श्यात उतरतं आणि सगळ्यांच्या ताटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं माणसासाठी रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅम धरली आहे. वीस किलोच्या लेकराला दिवसाला ०.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. आजारी माणसाला ताकदीसाठी खेकड्याचा रस्सा देतात, आणि त्याचं यकृत आधीच कमजोर असू शकतं.

उरलेले खेकडे स्वच्छ पाण्यात, स्वच्छ खाद्यावर ठेवले तर विष हळूहळू उतरतं, पण त्याला काही दिवस नव्हे, काही आठवडे लागतात आणि प्रत्येक खेकड्याला सारखेच लागत नाहीत. खात्री फक्त तपासणीनं होते. प्रयोगशाळेत आधी फोन करून "मायक्रोसिस्टिनची तपासणी करता का" हे नेमक्या शब्दांत विचारा, साध्या पाणी-तपासणीत ती नसते. पाण्याचा नमुना काचेच्या गडद बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा आणि सोबत दोन-तीन खेकडेही द्या. शेवाळाची जात ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. मत्स्यव्यवसायाच्या जिल्हा कार्यालयात किंवा उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात विचारणा करा. तपासणी झाली नाही तर तो हंगाम विक्री बंद ठेवा. नुकसान मोठं आहे, मला ते ठाऊक आहे, मी एक अख्खा हंगाम सोडला आहे. पण आपल्या खेकड्यानं गावातलं लेकरू आजारी पडलं तर त्यानंतर त्या बाजारात उभं राहता येत नाही.

मेलेले खेकडे कोंबड्यांना, डुकरांना घालू नका. साईच्याच खड्ड्यात चुना टाकून पुरा.

शेवाळ आपोआप मेलं की

ढगाळ दिवस, एखादी वळीवाची सर, आणि रात्रीत शेवाळ कोसळतं. पाणी हिरव्याचं तपकिरी होतं, वास सुटतो. लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि हवा बंद करतात. खरा घात या दोन-तीन दिवसांत होतो. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं, या वेळी दिवसासुद्धा, आणि पेशींतलं विष पाण्यात मोकळं होतं. या काळात चोवीस तास हवा द्या आणि पाणीबदल चालू ठेवा. पाणी निवळल्यावरही विष काही दिवस ते काही आठवडे टिकतं. सकाळी सहाचा आणि दुपारी तीनचा पीएच सलग दहा दिवस लिहा. दोन्हींत एकाहून कमी फरक राहिला, ताटली तीस सेंटिमीटरच्या पुढे गेली आणि उलटे केलेले दहाच्या दहा खेकडे पटकन पलटले, तरच खाद्य सुरू करा, तेही नेहमीच्या चौथ्या हिश्श्यानं.

पुढच्या वर्षासाठी

शेवाळाची खरी चावी फॉस्फरसकडे आहे. हिशोब करून बघा. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं म्हणजे सुमारे वीस लाख लिटर पाणी. एक किलो डीएपी खतात दोनशे ग्रॅम फॉस्फरस असतो. तो या तळ्यात मिसळला की लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम होतो, आणि एवढा फॉस्फरस शेवाळाच्या मोठ्या उठावाला पुरेसा आहे. फक्त एक किलो! "पाणी हिरवं होऊन मासे वाढतील" म्हणून आपण घमेलं-घमेलं टाकतो. कागदाच्या तळ्यात माती नसल्यानं तो धरूनही ठेवला जात नाही. त्यात आपला उन्हाळा. तीन मीटर पाणी मेपर्यंत एक मीटरवर येतं, तळं खाली निमुळतं असल्यानं प्रत्यक्षात पाणी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतं, आणि खत मात्र तेवढंच राहतं.

म्हणून डीएपी, सुपर फॉस्फेट आणि शेणाची स्लरी ज्या तळ्याचं पाणी खेकड्यांना जातं त्यात टाकायची नाही. मासे वाढवायचे असतील तर दुसरं तळं वापरा. खाद्य खेकड्यांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के, संध्याकाळी, ताटात ठेवून. सकाळी ताटात उरलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. तळ्यात चंदेरा मासा थोडा सोडा, तो बारीक शेवाळ खातो. मात्र उठाव झालेल्या वर्षी त्याचीही आतडी, यकृत खाण्यात येऊ देऊ नका. टाक्यांत हायड्रिलासारख्या पाणवनस्पती लावा. चिनी शेतकरी खेकड्यांच्या तळ्याचा मोठा भाग अशा वनस्पतींनी भरतात. त्या खत शोषतात आणि कात टाकणाऱ्या खेकड्याला आडोसाही मिळतो. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाचा काळा गाळ काढून शेतात टाका, तळ्याच्या काठावर नको.

पावसाळ्याच्या तोंडाला आणखी एक काम. पहिल्या दोन मोठ्या पावसांचं शेतातून वाहणारं पाणी तळ्यात येऊ देऊ नका, चर बाजूला वळवा. पेरणीच्या वेळचं सगळं खत आणि काळ्या रानाची माती त्याच पाण्यात असते. नंतर तळं भरू द्या. भरल्यावर पंधरा दिवस ताटली आणि पीएच बघा. मग दहा खेकडे जाळीच्या पिंजऱ्यात घालून पाण्यात सोडा, पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील असा. तीन आठवडे थांबा. त्यातल्या दोघा-तिघांनी कात नीट टाकली आणि नवं कवच टणक झालं की बाकीचे सोडा.